पॉझिटिव्ह अर्थच्या स्टिकरखाली निघालेलं दुसरं स्टिकर

कोल्हापूर
दि. २७ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
जुन्या विलायती गाड्यांचे सुटे भाग, ऑनलाइन विक्री विभाग,
मुंबई

विषय : पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या) गाडीसाठी मागवलेल्या इलेक्ट्रॉनिक इग्निशन मोड्यूलच्या जागी निगेटिव्ह अर्थचं मोड्यूल पाठवल्याबद्दल आणि ते परत घ्यायला नकार दिल्याबद्दल

महोदय,

मी तुमचा सहा वर्षांचा ग्राहक आहे. ब्रेकचे रबर, कार्बोरेटरच्या सुया, बोनेटची दोरी असं बरंच काही तुमच्याकडून घेतलं आणि आजवर एकदाही तक्रार केली नाही. हेही पत्र लिहायची वेळ आली नसती. पण तुमच्या कार्यालयातून मला जे लेखी उत्तर आलं, त्यात चूक माझी ठरवली आहे आणि तेवढं मी गिळू शकत नाही.

गाडी माझ्या वडिलांची. १९५७ ची एमजीए ही इंग्रज स्पोर्ट्स गाडी, १४८९ सीसी. ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली, मुंबईत एका गिरणीच्या मॅनेजरने वापरलेली आणि त्याच्याकडून वडिलांनी घेतलेली. लोकांना वाटतं, असली गाडी ठेवायची म्हणजे हत्ती पोसायचा. तसं नाही. ब्रिटनच्या बीएमसी कंपनीचं जे बी-सिरीज इंजिन आपल्या अँबॅसिडरला वर्षानुवर्षं होतं, त्याचंच हे सख्खं भावंड. हिला दोन एसयू कार्बोरेटर, तिला एक, एवढाच काय तो नखरा. त्यामुळे उद्यमनगरातल्या मिस्त्रीने हिचं हेड पहिल्यांदा उतरवलं तेव्हा त्याला काही विचारावं लागलं नाही. बाकी सगळं काम मी घरीच, पोर्चमध्ये करतो. ग्रीसिंग, व्हॉल्व्हचा गॅप, ब्रेकचे ड्रम, दोन्ही कार्बोरेटर एका सुरात आणणं. निवृत्तीनंतर मला दुसरा नाद नाही.

आता मुद्द्याकडे येतो. हिचा डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, मूळचा, ल्युकस कंपनीचा. आत सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारा छोटा स्विच, आणि त्याच्या जोडीला कंडेन्सर. पूर्वी एक पॉइंट निवांत दोन-तीन वर्षं जायचा. आता बाजारात जे पॉइंट मिळतात त्यांची टाच महिन्या-दोन महिन्यांत झिजते, गॅप मिटतो आणि पन्हाळ्याचा चढ लागला की गाडी मिसिंग मारायला लागते. कंडेन्सरची तर बातच नको. गेल्या पावसाळ्यात दोन गेले, दोन्ही नवे. म्हणून ठरवलं की पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक मोड्यूल बसवावं. बाहेरून दिसत नाही, डेल्कोच्या झाकणाखाली लपतं.

पण ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे. म्हणजे बॅटरीचं प्लस टोक चॅसीला. त्या काळातल्या बहुतेक इंग्रज गाड्यांची हीच रीत. एमजीवाल्यांनी ती आपल्या एमजीबीवर १९६७ साली बदलली. पॉइंट आणि कॉइलला याने फारसा फरक पडत नाही. ट्रान्झिस्टरला मात्र पडतो. उलट्या दिशेने व्होल्टेज आलं की तो क्षणात मरतो. हे माहीत असल्यामुळेच ८ सप्टेंबरला मागणी नोंदवण्याआधी मी तुमच्या कार्यालयात फोन केला, शब्द दोनदा उच्चारून सांगितला, आणि तिकडून "हो काका, पॉझिटिव्हचंच आहे, स्टॉकमध्ये आहे" असं उत्तर घेऊन मगच ११,४५० रुपये भरले. पार्सलचे २५० वेगळे. तुमच्या पावतीवरही "पॉझिटिव्ह अर्थ" असं छापलेलं आहे. प्रत जोडली आहे.

पार्सल घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला आलं. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेबरोबर गाडीचीही पूजा असते, त्याआधी काम उरकावं म्हणून रविवारी २८ तारखेला सकाळी बसलो. मीटर लावून बॅटरी पाहिली : १२.६ व्होल्ट, प्लस चॅसीला. मूळ गाडीत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्या मिळेनाशा झाल्यापासून मी एका बाजूला बारा व्होल्टची एकच बसवली आहे. हे आपणहून सांगतो, कारण उद्या तुम्ही "गाडीत बदल केलेला आहे" म्हणून त्यावर बोट ठेवाल. बॅटरी एक झाली, टोकं तीच आहेत. मग पॉइंट काढला, लोहचुंबकाची चकती बसवली, मोड्यूल स्क्रूने आवळलं, आणि तुमच्याच डब्यातल्या कागदावर पॉझिटिव्ह अर्थसाठी जी आकृती होती तिच्याप्रमाणे दोन वायरी जोडल्या. पुन्हा मीटर लावून तपासलं. चावी फिरवली. स्पार्क नाही. पाच-सहा सेकंदांत डेल्कोतून बॅकेलाइट भाजल्यासारखा वास आला आणि मी चावी बंद केली.

झाकण उघडलं तेव्हा मोड्यूलला हात लावता येत नव्हता इतकं तापलं होतं. आणि त्या उष्णतेने त्यावरच्या स्टिकरचा गोंद सुटून एक कोपरा वर वळला होता. नख लावलं तर सगळं स्टिकर अलगद हातात आलं. त्याच्यावर तुमच्या कंपनीचं नाव, बारकोड आणि "पॉझिटिव्ह अर्थ". त्याच्याखाली, मोड्यूल बनवणाऱ्याचं मूळ स्टिकर. त्यावर ठळक अक्षरात : फक्त निगेटिव्ह अर्थ.

याचे चार फोटो मी २९ सप्टेंबरला सकाळीच ईमेलने पाठवले. दोन्ही स्टिकरं एका फोटोत, शेजारी फूटपट्टी ठेवून. त्यावर तुमची पोच ६ ऑक्टोबरला आली. पोच म्हणजे एवढंच : "वस्तू ग्राहकाने चुकीच्या पद्धतीने जोडल्यामुळे निकामी झाली आहे. इलेक्ट्रिकल वस्तू परत घेतल्या जात नाहीत." फोटोंचा उल्लेख नाही. ज्याने हे लिहिलं त्याने फोटो उघडलेच नाहीत, असा माझा समज आहे. उघडून हे लिहिलं असेल तर ते जास्त वाईट.

९ ऑक्टोबरला फोनवर जे बोलणं झालं तेही नोंदवून ठेवतो. तुमच्या कार्यालयातला मुलगा बोलायला गोड होता, त्याच्यावर माझा राग नाही. म्हणाला, "काका, प्लस-मायनस उलटं लागलं असेल हो, होतं असं." मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला एकतीस वर्षं शिकवलं. पहिल्या आठवड्यात पोरांच्या हातात मीटर देऊन हेच प्लस-मायनस करून घ्यायचो आणि चुकलं की पुन्हा करायला लावायचो. तरी म्हटलं, असेल, माणूस कुठेही चुकतो, तपासून बघू. तर त्याचा पुढचा प्रश्न : "कॉइलवर प्लसची खूण कुठल्या बाजूला आहे?" माझ्या कॉइलवर प्लस-मायनस लिहिलेलंच नाही. जुन्या ल्युकस कॉइलवर एका टोकाला एसडब्ल्यू असतं, स्विचकडचं, आणि दुसऱ्याला सीबी, डेल्कोकडचं. हे त्याला ठाऊक नव्हतं. या गाड्यांचे भाग विकायला बसवलेल्या माणसाला ते शिकवणं तुमचं काम होतं, मी फोनवर दहा मिनिटं ते केलं.

शेवटी त्याने उपाय सुचवला : गाडीच निगेटिव्ह अर्थची करून घ्या, दुसरं मोड्यूल दहा टक्के सवलतीत देतो.

गाडी उलटवणं मला जमत नाही असं नाही. बॅटरीची टोकं फिरवायची, कॉइलच्या वायरी अदलाबदल करायच्या, डायनामोच्या एफ टोकावरची वायर काढून तिथे बॅटरीचा क्षणभर झटका द्यायचा म्हणजे डायनामोची ध्रुवता पलटते. एका दुपारचं काम. हवं असतं तर वीस वर्षांपूर्वीच केलं असतं. पण गाडी जशी ॲबिंग्डनहून निघाली तशी ठेवायची, हा माझा हट्ट आहे आणि तो पुरवण्यासाठीच तुम्ही पॉझिटिव्हच्या नावाने जास्त पैसे घेतलेत. तुमच्याच संकेतस्थळावर निगेटिव्हचं मोड्यूल १,९०० रुपयांनी स्वस्त आहे, हे मी नंतर पाहिलं. सदरा बसत नाही म्हणून अंग तासून घ्यायला सांगणारा शिंपी मी अजून पाहिलेला नाही.

ते स्टिकर कुणी आणि का लावलं हे मला माहीत नाही. गोदामातल्या एखाद्या पोराकडून घाईत चूक झाली असेल, किंवा पॉझिटिव्हचा माल संपल्यावर कुणीतरी हुशारी केली असेल. मी आरोप करत नाही. पण एका स्टिकरवर दुसरं स्टिकर आपोआप उगवत नाही, आणि ते कोल्हापुरात लागलेलं नाही.

खंडेनवमीला, १ ऑक्टोबरला, इंची पान्हे, फिलर गेज, मीटर पाटावर मांडून पूजा केली. गाडीला झेंडूचा हार घातला आणि ती जागेवरच उभी. दरवर्षी पूजेनंतर गल्लीतल्या पोरांना रंकाळ्यापर्यंत एक फेरी असते. ती पोरं हार घातलेल्या बंद गाडीभोवती घुटमळून परत गेली. पत्नी म्हणाली, जुनं काढून नवं घालायची हौस तुमचीच. त्या दुपारी तोच झिजका पॉइंट पॉलिश पेपरने घासून परत बसवला, पंधरा थाऊचा (इंचाच्या हजारांशांचा) गॅप ठेवला, आणि पहिल्या सेल्फला गाडी लागली. म्हणजे कॉइल शाबूत, वायरिंग शाबूत, टायमिंग शाबूत. मेलं ते फक्त तुमचं मोड्यूल. तुमच्या "चुकीच्या जोडणी"ला माझं उत्तर हेच आहे.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यायची असते. तुम्ही सात दिवस घेतलेत. तक्रारीचा निकाल एका महिन्यात लावायचा असतो. तो महिना परवा, २९ तारखेला भरतो. आणि जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही, मग ती इलेक्ट्रिकल असो की लाकडाची. तुमची "परत घेतल्या जात नाहीत" ही ओळ या नियमापुढे टिकत नाही.

माझं म्हणणं मोठं नाही. मोड्यूलचे आणि पार्सलचे मिळून ११,७०० रुपये परत करा. खरोखर पॉझिटिव्ह अर्थचं मोड्यूल तुमच्याकडे असेल तर आधी त्याच्या मूळ स्टिकरचा फोटो पाठवा, पटला तर मी पुन्हा पैसे भरून घेईन, फुकट नको. ६ ऑक्टोबरचं उत्तर लेखी मागे घ्या. पैशापेक्षा मला हे जास्त हवं आहे. शिवाय त्याच खेपेतली मोड्यूल्स आणखी कुणाला गेली असतील तर त्यांना आजच कळवा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाड्या बाळगणारी माणसं थोडी आहेत, शोधायला वेळ लागणार नाही. सगळेच चावी सहा सेकंदांत बंद करतील असं नाही, आणि पेट्रोलने भरलेले कार्बोरेटर त्याच बोनेटखाली असतात.

१० नोव्हेंबरपर्यंत काही कळलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो तिथेच दावा लावता येतो, त्यामुळे मला मुंबईला यावं लागणार नाही. तुम्हाला मात्र इकडे यावं लागेल.

जळालेलं मोड्यूल, दोन्ही स्टिकरं आणि डबा माझ्याकडे जपून ठेवला आहे. तुमचा माणूस आला तर समोर दाखवीन, कुरिअरने पाठवणार नाही.

आपला,
(सही)
निवृत्त निदेशक, इलेक्ट्रिशियन ट्रेड

सोबत : पावतीची प्रत, चार फोटो, २९ सप्टेंबर आणि ६ ऑक्टोबरच्या ईमेलच्या प्रती.

ता. क. : याच पार्सलमधलं टॅपेट कव्हरचं पॅकिंग उत्तम निघालं, तेल थेंबभर गळत नाही. मात्र ६४० रुपये देऊन घेतल्यावर लक्षात आलं की अँबॅसिडरचंच पॅकिंग तिथे बसतं आणि ते उद्यमनगरात शंभराच्या आत मिळतं. यात तुमचा दोष नाही. ते मला आधीच आठवायला हवं होतं.