मार्क सिक्सच्या नादी लागण्याआधी

पॅरिस

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचलं. जुना सॅक्सोफोन घ्यायचा आहे, आणि ‘घेईन तर मार्क सिक्सच’ म्हणतोस! पैसे मोजण्याआधी माझं थोडं ऐक.

मार्क सिक्स उत्तमच, त्यात वाद नाही. सेल्मर या फ्रेंच कंपनीने तो 1954 मध्ये काढला आणि पुढे वीसेक वर्षं बनवला. जॅझवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या हातात त्याचा टेनर (जाड आवाजाचा सॅक्स) होता, मग काय, पाच आकडी, म्हणजे सुरुवातीच्या काळातला, सिरियल नंबर दिसला की लोक वाद्य न वाजवताच पाकीट उघडतात. गंमत म्हणजे अमेरिकेत खपलेल्या कित्येक मार्क सिक्सचे फक्त भाग फ्रान्सचे. जुळणी झाली ती इंडियानातल्या एल्कहार्टला.

माझ्या मते खरी झेप त्याआधीची, 1936 च्या सुमारास आलेल्या सेल्मरच्याच बॅलन्स्ड अॅक्शन मॉडेलची. जुन्या सॅक्सवर खालच्या बी आणि बी फ्लॅट या सर्वांत खालच्या स्वरांच्या झडपा बहुधा भोंग्याच्या डाव्या अंगाला असत, आणि त्या दाबताना डाव्या करंगळीचा जीव जायचा. सेल्मरने त्या उजवीकडे नेल्या, दांड्यांची जुळणी बदलली आणि करंगळी सुटली. आज कुठल्याही कंपनीचा सॅक्स उचल, रचना तीच.

अगदी जुन्याच्या मोहात मात्र पडू नकोस. सॅक्सचा जनक अडॉल्फ साक्स हा मूळचा बेल्जियमचा, पण पेटंट त्याने 1846 मध्ये इथे पॅरिसला घेतलं. 1866 मध्ये ते संपलं आणि ब्युफे क्राँपाँसारखे इतर कारखानेही सॅक्स बनवू लागले. (साक्सच्या घराण्याचा कारखाना 1929 मध्ये सेल्मरनेच विकत घेतला.) त्या काळच्या वाद्यांना सप्तक बदलायच्या कळा दोन, अंगठ्याने एकीवरून दुसरीवर उडी मारायची. शिवाय फ्रान्सने 1859 मध्ये ‘ए’ स्वराची पट्टी सेकंदाला 435 कंपनं अशी ठरवली होती. तुझी पेटी 440 ची. माउथपीस (तोंडात धरायचा भाग) आत ढकलून मेळ घालशील, पण मग वरचे स्वर खालच्यांशी जुळायचे नाहीत.

माझं मत विचारशील तर एसएमएल बघ. स्ट्रासर, मारिगो आणि लमेर या तिघांची कंपनी, पुढे मारिगो हे नाव ओबो या फुंकवाद्यासाठी गाजलं. त्यांच्या बऱ्याच सॅक्सवर भोकांच्या कडा बाहेर वळवून गोल केलेल्या असतात, बोट फिरवलंस की कळेल. आवाज रुंद आणि गडद. सेल्मर समोरच्यावर नेम धरतो, हा खोली भरतो. ब्युफेचा 1950 च्या दशकातला सुपर डायनॅक्शनही असाच उबदार. दोघांना भाव कमी, कारण बाजार नावाला भुलतो.

घेताना अंधाऱ्या खोलीत नळीत छोटा दिवा सोड आणि एकेक कळ हलकेच दाब. भोक झाकणाऱ्या गादीखालून, म्हणजे पॅडखालून, उजेड झिरपला तर तिथून हवाही जाणार. पॅड बदलता येतात, त्याने घाबरू नकोस. पण लॅकर (वरचा चकाकीचा लेप) आरशासारखा चकचकीत असेल तर संशय घे. पॉलिश करताना पितळ झिजतं, कोरीवकाम बोथट होतं. आणि नेकची, म्हणजे माउथपीस बसतो त्या वाकड्या नळीची, खालची बाजू नीट बघ. तिथे सुरकुत्या असतील तर नेक कधीतरी दबलेली आहे.

नेकचे दोन्ही बाजूंनी फोटो आणि सिरियल नंबर पाठव. तोवर बयाणा देऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय