एसडब्ल्यूपीला पेन्शन समजू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

निवृत्तीच्या वेळी हाती आलेली पुंजी एकरकमी इक्विटी (शेअर बाजारात गुंतवणाऱ्या) म्युच्युअल फंडात टाकायची आणि पुढच्याच महिन्यापासून एसडब्ल्यूपी, म्हणजे फंडातून दरमहा ठरलेली रक्कम काढण्याची सूचना, लावायची, असा सल्ला सध्या सर्रास दिला जातो. 'एक कोटी ठेवा, महिन्याला साठ हजार घ्या, मुद्दलाला धक्का नाही' असे सांगत मोबाइलवर कॅल्क्युलेटर दाखवला जातो. त्यात दरवर्षी 12 टक्के परतावा धरलेला असतो. दीर्घ काळाची सरासरी तेवढी येईलही, पण बाजार दरवर्षी बारा टक्के देत नाही. दरमहा पैसे काढणाऱ्याचे गणित नेमके तिथेच फसते.

आकडे मांडून पाहा. एक कोटी रुपये आहेत आणि दरवर्षाच्या सुरुवातीला 7 लाख 20 हजार काढायचे आहेत. पहिल्या वर्षी बाजार 30 टक्के पडला, दुसऱ्या वर्षी 10 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 40 टक्के चढला, तर तीन वर्षांनी हाती 78 लाख 87 हजार उरतात. हीच तीन वर्षे उलट क्रमाने आली, म्हणजे आधी 40 टक्के चढ, मग 10 टक्के चढ आणि शेवटी 30 टक्के घसरण, तर 89 लाख 45 हजार उरतात. काढलेली रक्कम तीच, सरासरी परतावाही तोच. तरी साडेदहा लाखांचा फरक पडला. ज्याने काहीच काढले नाही, त्याला मात्र दोन्ही क्रमांत सारखेच पैसे मिळतात. म्हणूनच नोकरीत असताना ज्या घसरणीची फिकीर करायची गरज नसते, तीच निवृत्तीनंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत आली तर भारी पडते.

याचे कारण युनिटमध्ये आहे. एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, 100 असताना साठ हजारांसाठी 600 युनिट विकावे लागतात, एनएव्ही 62 झाली की 968. जानेवारी ते मार्च 2020 मध्ये निफ्टी साधारण 38 टक्के खाली आला होता, म्हणजे हा 62 चा आकडा ओढूनताणून आणलेला नाही. त्या महिन्यांत विकलेली जादा युनिट पुढच्या तेजीत सहभागी होत नाहीत. ती कायमची गेलेली असतात. एसडब्ल्यूपीची सूचना यंत्रवत चालते, बाजार कुठे आहे हे ती बघत नाही. फंडांना खात्रीशीर परताव्याचा दावा करायला सेबी या बाजार नियामकाची मनाई आहे. मग अशा प्रत्येक कॅल्क्युलेटरमध्ये 'मोठ्या घसरणीच्या तोंडावर, जानेवारी 2008 मध्ये निवृत्त झाला असता तर' हा दुसरा रकानाही सक्तीचा हवा.

उपाय अवघड नाही, पण शिस्त लागते. समजा, पुंजी एक कोटी आणि महिन्याचा खर्च 40 हजार आहे. त्यातले 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर 8.2 टक्के दराने तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500 रुपये येतात, आणि खाते उघडतानाचा दर पाच वर्षे बदलत नाही. (30 लाखांची मर्यादा प्रत्येकी आहे, पती-पत्नी दोघेही पात्र असतील तर दोघांची स्वतंत्र खाती उघडता येतात.) उरलेल्या साडेएकोणीस हजारांसाठी तीन वर्षांचे सात लाख लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत गुंतवणाऱ्या) किंवा मुदत ठेवीत बाजूला काढा. एसडब्ल्यूपी लावायची ती या लिक्विड फंडातून, इक्विटी फंडातून नव्हे. बाकीचे 63 लाख इक्विटी आणि चांगल्या प्रतीच्या अल्प मुदतीच्या डेट (कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या) फंडांत विभागून ठेवता येतात.

तीनच वर्षे का? जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांवर गेलेला सेन्सेक्स पुन्हा त्या पातळीला यायला नोव्हेंबर 2010 उजाडला. 2000 सालच्या घसरणीनंतर तर जवळपास चार वर्षे लागली. तीन वर्षांपलीकडचा तो काळ निघावा म्हणून डेट फंडाचा हिस्सा लागतो.

तीन वर्षांच्या खर्चाचा हा साठा वर्षातून एकदाच, ठरलेल्या महिन्यात भरायचा. एप्रिल सोयीचा, कारण इक्विटीवरच्या दीर्घकालीन नफ्याची सव्वा लाखाची करमुक्त मर्यादा नव्याने सुरू होते. त्यापुढच्या नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. बाजार आपल्या आधीच्या उच्चांकाच्या आसपास असेल तर इक्विटी विकून तीन वर्षांची रक्कम पूर्ण करा. पंधरा-वीस टक्क्यांहून अधिक खाली असेल तर इक्विटीला हात लावू नका. त्या वर्षी साठ्यावर भागवा आणि महागाईपोटीची वाढही पुढे ढकला. ही एका वर्षाची काटकसर पुंजीचे आयुष्य बरेच वाढवते.

महागाई मात्र विसरून चालणार नाही. सहा टक्के धरली तर आजचे 40 हजार पाच वर्षांनी साडेत्रेपन्न हजार होतात. बचत योजनेचे व्याज तेवढेच राहते, त्यामुळे फंडातून काढायची रक्कम साडेएकोणीस हजारांवरून 33 हजारांवर जाते. सुरुवातीलाच वर्षाला पुंजीच्या सात-आठ टक्के उचलणाऱ्याला ही वाढ पेलत नाही. पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्केच काढण्याचा जो नियम सांगितला जातो, तो अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये अमेरिकेतल्या बाजाराच्या आकड्यांवरून मांडला होता. आपल्याकडे तो जसाच्या तसा लावू नये, पण पाच टक्क्यांच्या वर सुरुवात करणे मला धोक्याचे वाटते.

काही चुका नेहमीच्या आहेत. बहुतेक इक्विटी फंडांत वर्षाच्या आत विकले तर एक टक्का एक्झिट लोड (लवकर बाहेर पडण्याचे शुल्क) बसतो, वर नफ्यावर 20 टक्के अल्पकालीन कर. लाभांशाचा पर्याय 'उत्पन्न' म्हणून घेतात, पण तो आपल्याच एनएव्हीतून निघतो आणि पूर्ण रकमेवर स्लॅबप्रमाणे कर लागतो. विक्रीत फक्त नफ्याच्या भागावर कर असतो: शंभरला घेतलेले युनिट सव्वाशेला विकले, तर काढलेल्या वीस हजारांतले चार हजारच करपात्र. सुरक्षित म्हणून ठेवलेला पैसा जादा व्याजाच्या मोहाने क्रेडिट रिस्क फंडात (कमी पत असलेल्या कंपन्यांच्या रोख्यांत गुंतवणाऱ्या) घालू नये. एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट योजना बंद केल्या तेव्हा नेमका असाच पैसा अडकला होता.

आणि एक गोष्ट, जी फॉर्म भरताना कोणी सांगत नाही. एसडब्ल्यूपीचे पैसे पहिल्या धारकाच्या बँक खात्यात जातात आणि त्याच्या निधनाची नोंद झाली की एसडब्ल्यूपी थांबते. फोलिओत (फंडाच्या खात्यात) पत्नीचे नाव दुसरी धारक म्हणून असले, तरी युनिट तिच्या नावावर करून घेण्याची कागदपत्रे द्यावी लागतात आणि एसडब्ल्यूपी नव्याने लावावी लागते. नॉमिनी असेल तरीही तेच. तोवर घर चालावे म्हणून किमान सहा महिन्यांचा खर्च दोघांच्या संयुक्त बचत खात्यात ठेवा, आणि ते खाते 'दोघांपैकी कोणीही' व्यवहार करू शकेल अशा पद्धतीचे आहे ना, हे बँकेत जाऊन तपासा.

आपला,
एक आर्थिक नियोजनकार, ठाणे