मंत्रीसाहेब, प्रत्येकाला वेगळा टॅब नको, चौघांत एक द्या पण नीट द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी झेडपीच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. नाव-गाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग मुद्दा राहतो बाजूला आणि खुलासा मागवला जातो. विषय एआयचा आहे. हल्ली कुठल्याही प्रशिक्षणाला जा, कोणीतरी पीपीटी लावतो आणि सांगतो की आता प्रत्येक मुलाला स्वतःचा एआय शिक्षक मिळणार, प्रत्येकाच्या हातात टॅब, कानात हेडफोन, आपापल्या वेगाने शिका. ऐकायला झकास वाटतं. पण चित्र डोळ्यासमोर आणा ना, वीस मुलं एका खोलीत आणि कोणी कोणाशी बोलत नाही. ज्या राज्यात आपणच ज्ञानरचनावादाच्या (मूल स्वतः करून, इतरांशी बोलून शिकतं या विचाराच्या) नावाने बाकं काढून मुलांना गोल बसवलं, तसं शिकवणारा शाळांचा गट, कुमठे बीट, बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या साताऱ्याला गेल्या, तिथे आता परत प्रत्येकाला एकेकटं बसवायचं?

गैरसमज नको, मी टेक्नॉलॉजीच्या विरोधात नाहीये. उलट मला ती हवीच आहे. आमच्याकडे पहिली ते चौथी आणि आम्ही दोघं, म्हणजे एकाकडे कायम दोन वर्ग. मी तिसरीला शिकवत असते तेव्हा चौथी "स्वयंअध्ययन" करत असते, आणि स्वयंअध्ययन म्हणजे नेमकं काय चालतं ते तुम्हाला कुठलाही मास्तर खासगीत सांगेल. चांगलं ट्यूटर सॉफ्टवेअर खरं तर याच जागेसाठी पाहिजे. हे सॉफ्टवेअर नुसतं चूक-बरोबर सांगत नाही, चूक कुठली ते ओळखतं. 43 वजा 17 चं उत्तर मुलाने 34 लिहिलं तर त्याने 7 मधून 3 वजा केलेत, म्हणजे हातचा घ्यायचा त्याला कळलेला नाही, हे सॉफ्टवेअरला समजतं आणि ते तेवढाच इशारा देतं. असल्या चुका कॉम्प्युटरला ओळखायला लावायचं काम अमेरिकेत 1970 च्या दशकातच झालंय, त्यामुळे हे काल जन्मलेलं नाही.

पण खरेदी करताना "एक मूल एक टॅब" हाच हिशोब का धरायचा? बडोद्यात 2002 ते 2004 मध्ये म्युनिसिपल शाळांतल्या चौथीच्या मुलांना "प्रथम" संस्थेने आठवड्याला दोन तास कॉम्प्युटरवर गणिताचे खेळ दिले, एका कॉम्प्युटरवर दोन मुलं, आणि गणितात चांगलीच सुधारणा दिसली. (वर्षभराने त्यातली बरीचशी विरली, तेही सांगते, अर्धंच सांगण्यात अर्थ नाही.) दिल्लीत माइंडस्पार्क या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, तो तर प्रत्येक पीपीटीत असतोच, साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हीत प्रगती. पण त्या दीड तासात 45 मिनिटं सॉफ्टवेअर होतं आणि उरलेली 45 मिनिटं बारा-पंधरा मुलांच्या गटाला एक माणूस शिकवत होता, हे कोणीच सांगत नाही. सगळं श्रेय मशीनला देऊन कसं चालेल!

आता नुसतं चार मुलांपुढे एक स्क्रीन ठेवली की गटात शिकणं झालं असंही नाही बरं का. काय होतं ते मी रोज बघते, एक हुशार किंवा दांडगा पोरगा माऊस धरून बसतो, बाकीचे मान वर करून बघतात, आणि मुली तर बहुतेक मागेच. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी 2006 च्या आसपास खेड्यातल्या सरकारी शाळांत हेच बघितलं आणि साधा उपाय काढला, एकाच कॉम्प्युटरला चार-पाच माऊस, प्रत्येकाचा बाण वेगळ्या रंगाचा. पण जो आधी क्लिक करेल तो जिंकला असा खेळ ठेवला तर पोरं न वाचताच धडाधड क्लिक करायला लागली, आणि सगळ्यांनी मिळून एकच उत्तर निवडल्याशिवाय पुढे जायचं नाही असा नियम केला तेव्हा मात्र मुलं आपसात बोलायला लागली. हार्डवेअर तेच, बदलला फक्त नियम. साहेब, टेंडरमध्ये हा नियम लिहायचा असतो, तिथे आपण रॅम आणि बॅटरी लिहितो.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चौथी-पाचवीच्या मुलांसाठी अपूर्णांकाचं असं ट्यूटर केलंय. दोघांनी आधी आपापलं उत्तर द्यायचं, मग दोघांची उत्तरं समोर येतात, वेगळी असली तर बोलून एकच ठरवायचं. कधी एकाने करायचं आणि दुसऱ्याने विचारत राहायचं. म्हणजे कोणाला लपायला जागाच नाही. आणि नुसतं एकट्याने किंवा नुसतं जोडीने करण्यापेक्षा दोन्ही आलटून पालटून केलेल्या मुलांचं शिकणं जास्त झालं. म्हणून मी एकट्याने सराव बंदच करा म्हणत नाहीये, पाढे ज्याचे त्यालाच यायला पाहिजेत. त्याच विद्यापीठात शिक्षकांसाठी एक चष्मा पण करून बघितला, तो घातला की कुठलं मूल अडलंय, कोण नुसते इशारे घेत पुढे ढकलतंय ते त्याच्या डोक्यावर खूण होऊन दिसतं! आम्हाला चष्मा नको हो. कुठला गट अडलाय आणि गटात कोण गप्प आहे एवढं आमच्याच फोनवर लाल-हिरवं दिसलं तरी पुरे, तिसरीचं शिकवता शिकवता मी तेवढीच चक्कर मारून येईन.

मग मागणं काय, तर जे काही घ्याल ते गटात वापरता येतं का ते आधी बघा. आमच्याकडे लोकवर्गणीतून आलेला टीव्ही आहे, बऱ्याच शाळांत आहे, त्यालाच एक साधा कॉम्प्युटर आणि चार माऊस लावून चालेल असं काहीतरी करा, टॅब फुटला की भरपाई कोणी करायची हा वाद तरी मिटेल. ते नेट नसताना चाललं पाहिजे, रेंज आमच्याकडे टेकडीवर येते, वर्गात नाही. मराठी बालभारतीच्या पुस्तकातली पाहिजे, हिंदीवरून मशीनने ओढून आणलेली नको. कोण बोललं ते कळायला माईक लावून पोरांचे आवाज रेकॉर्ड करणारं काही नको, 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि आमचे निम्मे पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असतात, सही कोणाची घेऊ? कोणी किती वेळा उत्तर दिलं, किती वेळा बदललं, एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

आणि एक, हात जोडून. या सगळ्याची माहिती भरायची नवीन लिंक पाठवू नका. सॉफ्टवेअर हुशार आहे ना, मग अहवाल त्यालाच पाठवू दे.

जीआर काढून एकदम सगळ्या जिल्ह्यांत वाटप करण्याआधी एखाद्या डोंगरी तालुक्यातलं एक केंद्र (आसपासच्या शाळांचा गट) घ्या, त्यातल्या निम्म्या शाळांना चौघांत एक द्या, निम्म्यांना प्रत्येक मुलामागे एक, वर्षभर चालू द्या आणि वर्षाअखेर दोन्हीकडची परीक्षा बाहेरच्या माणसाकडून घ्या, पुरवठादार कंपनीकडून नको. जून उजाडायच्या आत ठरवलंत तर आमचं केंद्र तयार आहे, केंद्रप्रमुखांशी माझं बोलणं झालंय, ते फक्त वरून तोंडी नको, लेखी पत्र पाहिजे म्हणतात.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका