टाके निघाले, पण मूठ वळत नाही

मा. संपादक,
स. न.

सोयाबीनची सोंगणी लागली की हडंब्यात (मळणी यंत्रात) हात गेल्याच्या बातम्या जिल्हा पानावर येऊ लागतात. जखमीला नागपूरला हलवले, इथे बातमी थांबते. तो हात पुढे कामाचा राहणार की नाही, हे त्यानंतरच्या तीन महिन्यांत ठरते, म्हणून हे पत्र.

टाके दहा-चौदा दिवसांत निघतात. माणूस हात गळ्यात अडकवून घरी येतो. मनगट खाली लोंबलेले, बोटांच्या मुळाचे सांधे ताठ आणि पुढची पेरे आकसलेली. या स्थितीत सुजलेला हात काही आठवड्यांतच आखडतो, कारण ताठ राहिलेल्या मुळाच्या सांध्यांची बंधने आखूड होतात. मग जखम भरते, पण मूठ वळत नाही. स्प्लिंटमध्ये, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणाऱ्या आधारात, मनगट 20 ते 30 अंश मागे, मुळाचे सांधे 70 ते 90 अंश वाकलेले आणि पुढची पेरे सरळ हवीत. हात छातीच्या वर राहावा. रात्री घडी घातलेल्या वाकळीवर ठेवला तरी चालते. खांदा, कोपर आणि ज्यांना मार लागलेला नाही ती बोटे डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसापासून हलवावीत.

आपल्याकडे टेंडनलाही, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीलाही, नस म्हणतात आणि संवेदना नेणाऱ्या तंतूलाही नसच. त्यातून मोठा घोटाळा होतो, कारण दोन्हींची काळजी वेगळी. जोडलेले टेंडन पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सर्वांत कच्चे असते. साधारण सहा आठवडे त्या हाताने काही उचलायचे नाही, बारा आठवडे विळा, कुदळ, भरलेली बादली नाही. बोटांचा व्यायाम मात्र शिकवला तेवढा, स्प्लिंटमध्येच, रोज हवा. ऑक्टोबरमध्ये जखम झाली तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात नेमकी कापूस वेचणी येते. घरात पैसा नसतो, मजूर वावरात जातो आणि जोड तुटतो. त्याला दोष देणे मला जमत नाही.

संवेदनेचा तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. मनगटापाशी तुटला असेल तर बोटाच्या टोकापर्यंत पोहोचायला सहा महिने किंवा जास्तच लागतात. तोवर बोट बधिर. चूल, तवा, बिडी यांनी भाजलेले कळतही नाही. रोज रात्री उजेडात हात नीट पाहावा.

रोटाव्हेटरने गुडघ्याखाली पाय गेला असेल तर गुडघ्याखाली उशी ठेवू नये. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे कृत्रिम पाय बसवणे कठीण होते. गेलेल्या बोटांत किंवा पायात दुखते, असे सांगायला लोक लाजतात, वेडा म्हणतील म्हणून. हे दुखणे खरे असते. आरशात शाबूत अवयवाची हालचाल पाहत रोज पंधरा मिनिटे केलेल्या व्यायामाने अनेकांना उतार पडतो.

आता पैशाचे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सातबाराधारक आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. भूमिहीन मजूर त्यात नाही. पण 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात (नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 आली आहे) ट्रॅक्टर किंवा विजेवरील यंत्रांनी होणाऱ्या शेतीतले मजूर येतात. त्याच्या अनुसूचीत कमाईच्या क्षमतेची घट ठरलेली आहे: अंगठा 30 टक्के, पूर्ण तर्जनी 14 टक्के, एका हाताची चारही बोटे 50 टक्के. दावा दोन वर्षांत करावा लागतो. गावात मात्र मालकाने दवाखान्याचा खर्च दिला की प्रकरण मिटले असे धरतात. पहिल्या दिवसाचा केसपेपर, पोलिसांतली नोंद, एक्स-रे आणि मजुरी कोण देत होते याचा पुरावा तेव्हाच जपून ठेवावा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे सोयाबीन, तूर निघेपर्यंत, प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस हाताचा व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट आणि स्प्लिंट मिळाले पाहिजे. नागपूरला दर आठवड्याला जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि दोघांची मजुरी बुडते. दुसऱ्या खेपेनंतर रुग्ण येत नाही.

— एक फिजिओथेरपिस्ट, यवतमाळ जिल्हा