उचलीचं पान

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, 3 ऑगस्ट 2025

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडून म्हणालीस, "आई, कंपनी सगळा खर्च वजा करून उरेल त्यावर कर भरते, आणि आम्ही आधी कर भरतो आणि उरेल त्यात जगतो. हा कुठला न्याय?" मी नुसतं हूं हूं केलं. हिशेबाचं बोलणं मला फोनवर जमत नाही, ते कागदावरच बरं. शिवाय तुझ्या ऑफिसनं तुला नोकरी सोडून 'सल्लागार' म्हणून त्याच कामावर यायला सांगितलंय, आणि तुला महिन्याअखेर उत्तर द्यायचंय. म्हणून आज निवांत बसून लिहिते आहे.

मी रविवार पेठेत हार्डवेअरच्या दुकानात एकतीस वर्षं वह्या लिहिल्या. कीर्द म्हणजे रोजची नोंद, खतावणी म्हणजे खात्यांप्रमाणे पानं असलेली वही, आणि नंतर तेच सगळं कॉम्प्युटरवर. खतावणीत खर्चाची पानं असायची: जागेचं भाडं, हमाली, टेंपो, वीज, चहापाणी, दिवाळीचा बोनस. ही सगळी पानं विक्रीतून वजा व्हायची. त्यांच्यापासून वेगळं एक पान असायचं, 'उचल' असं लिहिलेलं. शेठ गल्ल्यातून घरी पैसे नेत ते त्या पानावर पडत. त्या पैशांची भाजी आली, मुलाची फी गेली की मुलीला पैंजण झाले, हे वही विचारत नसे. उचल खर्चात धरायची नाही, ती नफ्यातूनच गेलेली असते, आणि नफ्यावर कर लागलेला असतो. म्हणजे शेठच्या घरची पोळीसुद्धा कर भरूनच ताटात येत होती, तुझ्या-माझ्यासारखीच.

तुझ्या रागात ही गोष्ट सुटते आहे. तू कंपनीची तुलना स्वतःशी करतेस. कंपनीला पोट नाही, तिला बाळंतपण नाही, म्हातारे सासू-सासरे नाहीत. तिचा जो खर्च असतो तो कमावण्यासाठीचा असतो. आमच्या दुकानात 100 रुपयांची कडी विकली तर त्यातले 85 ते 90 रुपये मालाचेच असत. त्या 100 वर कर लावला असता तर दुकान पहिल्याच वर्षी बंद पडलं असतं. सरकारलाही हे ठाऊक आहे, म्हणून तर छोट्या व्यापाऱ्याला वह्या ठेवायच्या नसतील तर विक्रीच्या 8 टक्के, आणि बँकेतून आलेल्या पैशावर 6 टक्के, एवढाच नफा धरायची मुभा आहे.

आता तुझं म्हणणं उलट बाजूनं धरून बघू. समजा सरकार म्हणालं की घरखर्चही वजा करा. आपल्या जुन्या वाड्यात समोरासमोर दोन बिऱ्हाडं होती, दोन्हीकडे सारखाच पगार. एकाकडे दर रविवारी हॉटेल, दिवाळीत नवा सोफा, मे महिन्यात महाबळेश्वर. दुसरीकडे आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पैसे साठवणं चाललेलं. पहिल्यानं सगळं खर्चून टाकलं, म्हणून त्याला कर शून्य. दुसऱ्यानं पोटाला चिमटा काढून साठवलं, त्या साठवलेल्यावर कर. हे तुला पटेल? मला नाही पटत. म्हणून तू किती खर्च केलास हे कायदा विचारत नाही. तो सगळ्यांना सारखीच एक पायरी देतो: एवढ्यापर्यंतचं तुझ्या जगण्याचं, त्याला हात लावणार नाही, त्याहून जास्त जे असेल त्यावर कर.

मग भांडायचं कशावर? त्या पायरीवर. तिथे मी तुझ्या बाजूनं आहे, आणि पूर्ण जोरानं आहे.

आपल्याच गावातल्या माणसानं हे भांडण सव्वाशे वर्षांपूर्वी केलंय. गोपाळ कृष्ण गोखले 1902 साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. सरकारच्या तिजोरीत वर्षानुवर्षं शिल्लक पडते आहे, आणि लोक मात्र हलाखीत आहेत, हे त्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं. मिठावरचा कर कमी करा, आणि प्राप्तिकराची पायरी वर्षाला 500 रुपयांवरून 1000 वर न्या, ही त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षी, 1903 मध्ये, दोन्ही झालं. मीठ आणि पायरी ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते. मीठ प्रत्येकाच्या घरात लागतं, आणि पायरी म्हणजे त्या घराला किती लागतं याचा सरकारनं केलेला अंदाज. मी बीएमसीसी रस्त्यानं गोखले इन्स्टिट्यूटवरून जाते तेव्हा मला हे आठवतं.

आता आपल्या काळाचं बघ. 2014 साली पायरी अडीच लाख झाली. कर मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी. जुन्या पद्धतीत ती आज 2025 मध्येही अडीच लाखच आहे. अकरा वर्षं! या अकरा वर्षांत आपल्या गल्लीत दोन खोल्यांचं भाडं कुठून कुठे गेलं ते तू बघितलंस. नव्या पद्धतीत 2023 ला तीन लाख झाली आणि यंदा चार लाख, आणि सवलतीमुळे बारा लाखांपर्यंत काहीच भरावं लागत नाही, ते चांगलं झालं. पण ते त्या वर्षीच्या अर्थमंत्र्याच्या मनात आलं म्हणून झालं. जुनं घर विकताना महागाई मोजायला कायद्यात वर्षानुवर्षं निर्देशांक होता. घर विकणाऱ्याला महागाई मोजून मिळायची, आणि घरात राहून तूरडाळ आणणाऱ्याला मिळत नाही, याचं मला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. पायरी दरवर्षी महागाईबरोबर आपोआप वर जायला हवी, कुणी बजेटच्या दिवशी टाळ्या घ्यायची वाट न बघता.

दुसरं, कमावण्याचा खर्च पगारदारालाही असतो. तुझे बाबा पिंपरीला कारखान्यात जायचे. स्वारगेटची बस चुकली की शटल रिक्षा, सेफ्टी बूट, रात्रपाळीचं बाहेरचं खाणं. शेठचा टेंपो खर्चात जायचा आणि बाबांची बस उचलीच्या पानावर. पगारदाराच्या या खर्चासाठी ठोक वजावट होती, स्टँडर्ड डिडक्शन, ती 2005 च्या बजेटनं काढून टाकली. तेरा वर्षांनी, 2018 ला, परत आली ती 40,000 ची, पण तिच्या बदल्यात प्रवास भत्त्याचे 19,200 आणि औषधपाण्याचे 15,000 गेले. म्हणजे हातात वाढ किती, 5,800 रुपये. त्या संध्याकाळी बाबा टीव्हीसमोर खूश झाले होते आणि मी पाकिटाच्या मागे वजाबाकी करत होते. आता नव्या पद्धतीत ती 75,000 आहे. आणि घरभाड्याचं सांगते: 2025 च्या नियमांनुसार जुन्या पद्धतीत मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत मूळ पगाराच्या 50 टक्क्यांपर्यंत भाडेभत्ता सुटतो. पुण्याला 40. तुझ्या बंगळूरलाही 40. बाणेरला राहणाऱ्या मुलामुलींना विचार, भाडं त्यांना चाळीस टक्के आकारतात का ते.

आणि वाईट वर्ष. दुकानाला तोटा झाला तर तो पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो. बाबांना कारखान्यानं सात महिने घरी बसवलं ते तुला पुसट आठवत असेल, तू तिसरीत होतीस. मामाकडून उसने घेतले, माझ्या बांगड्या गेल्या. पुढच्या वर्षी पगार पूर्ण सुरू झाला तेव्हा फॉर्म 16 वर कर पूर्ण होता, त्या सात महिन्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. घराचा तोटा कुठल्याच पानावर चढत नाही. मला हे सगळ्यात जास्त टोचलं, अजून टोचतं.

आता कंपन्यांकडे येते. 20 सप्टेंबर 2019 ला इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा दर 22 टक्क्यांवर आणला, अधिभार आणि उपकर धरून 25.17. व्यक्तीला सगळ्यात वरचा दर 30 टक्के आणि त्यावर उपकर. 2023-24 मध्ये परतावे वजा जाता कंपन्यांकडून 9.11 लाख कोटी आले आणि व्यक्तींकडून, शेअर व्यवहारांवरचा कर धरून, 10.44 लाख कोटी. हे आकडे वाचून तुझा राग मला समजतो. पण कंपनीचा नफा लाभांश होऊन माणसाच्या हातात आला की त्यावर परत त्याच्या दरानं कर लागतो, 2020 पासून तसंच आहे. खरी गोम अशी की तो हातात आलाच नाही तर? पैसा कंपनीतच ठेवायचा आणि जगणं कंपनीच्या खर्चात चालवायचं. गाडी कंपनीची, पेट्रोल कंपनीचं, ड्रायव्हर कंपनीचा. अशी गाडी कामाला आणि घरच्यांना दोन्हीकडे फिरवली, तर 2025 च्या नियमांनुसार साहेबाच्या उत्पन्नात तिची किंमत महिन्याला 1,800 रुपये धरतात, मोठी गाडी असली तर 2,400, आणि ड्रायव्हरचे 900. सत्तावीसशे रुपयांत आपल्याकडे गाडी-ड्रायव्हर कोण देतं? अन्याय इथे आहे, मनू. दुकानाला खर्च वजा मिळतो यात नाही. उचलीचं पान फाडून टाकतात, यात आहे.

मी हे ऐकीव सांगत नाही. एका वर्षी शेठच्या घरी मोठा फ्रीज आला. मला चिठ्ठी दिली आणि म्हणाले, "दुकानाच्या फर्निचरला टाका." मी टाकला. तू दहावीला होतीस, क्लासची फी राहिली होती, मी तोंड उघडलं नाही. त्या फ्रीजवर दरवर्षी घसाराही, म्हणजे वस्तू झिजते म्हणून धरायचा खर्च, लावला, माझ्याच हातानं. पुढं त्यांच्या मुलाच्या साखरपुड्याचं जेवण 'ग्राहक सत्कार' म्हणून लिहायला सांगितलं तेव्हा मात्र मी म्हटलं, उचलीला टाकते, नाहीतर वही दुसऱ्याला द्या. दोन दिवस बोलले नाहीत, मग उचलीलाच टाका म्हणाले. पण फ्रीजची नोंद माझ्या मनातून गेलेली नाही. ज्या महिन्यात मी ती केली त्याच महिन्यात बाबांच्या पगारातून कर हातात यायच्या आधीच कापला गेला होता.

आता तुझा प्रश्न. मी आकडे मांडलेत, तपासून बघ. तुझा पगार 16 लाख. ठोक वजावटीचे 75,000 गेले, राहिले 15,25,000. यंदाच्या दरानं कर 1,08,750, उपकर 4,350, एकूण 1,13,100. तेच 16 लाख सल्लागाराची फी म्हणून घेतलेस, तर तू वास्तुविशारद असल्यामुळे निम्मी फी उत्पन्न धरायची मुभा आहे, फी 50 लाखांच्या आत आहे म्हणून. उत्पन्न 8 लाख, सवलत लागून कर शून्य. ऑफिस 10 टक्के कर कापून देईल ते 1,60,000 रिटर्न भरल्यावर परत येतील. तीच खुर्ची, तेच नकाशे, आणि एकीकडे 1,13,100 तर दुसरीकडे शून्य. हा फरक मला अन्यायच वाटतो, तुझ्या फायद्याचा असला तरी.

ऑफिसनं हे तुझ्यावरच्या मायेनं सुचवलेलं नाही. तुझा पीएफमधला त्यांचा वाटा वाचतो, ग्रॅच्युइटी वाचते, बाळंतपणाची पगारी रजा वाचते, आणि काढून टाकायचं झालं तर एक ईमेल पुरते. बाबांचे ते सात महिने आठव. आणि दहा ते सात त्याच टेबलावर, त्याच साहेबाला विचारून रजा घेऊन बसणार असशील, तर कागदावर काहीही लिहिलं तरी ती नोकरीच आहे. उद्या प्राप्तिकर खात्यानं तसं म्हटलं तर तू काय दाखवशील?

खरंच स्वतःची कामं घेणार असशील, म्हैसूरच्या त्या वाड्याचं काम म्हणत होतीस तसं, तर जरूर सोड. निम्म्याची मुभा कायद्यानं दिलेली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही, कारण मग वाईट वर्षही तुझं एकटीचंच असेल. पण नुसता कर वाचतो म्हणून सोडत असशील तर माझं उत्तर नाही असं आहे.

दोन्ही तऱ्हेनं एक कर. कायद्यानं वह्या ठेवायला लावल्या नाहीत तरी ठेव. लॅपटॉप, प्रिंट, साइटवर जायचा खर्च एकीकडे, आणि घरात नेलेला प्रत्येक रुपया उचलीला. कॉफी क्लायंटबरोबर प्यालीस की मैत्रिणीबरोबर, हे तुलाच माहीत असणार.

बाबांची तब्येत ठीक आहे, सकाळी पर्वती अर्ध्यापर्यंत चढतात. गणपती 27 ला बसतोय, तिकीट काढलंस का कळव. येताना मागच्या वर्षीचा फॉर्म 16 आण, रिटर्नची तारीख यंदा 15 सप्टेंबर केली आहे, गौरीजेवणानंतर बसून भरू. अप्पा बळवंत चौकातून लाल कापडी पुठ्ठ्याची खतावणी आणून ठेवली आहे, पानं आखायची आहेत.

तुझी,
आई