रविवारचं इंजेक्शन

ती. आई-बाबांस,
सा. न.

मी डॉक्टरांशी बोलून तारीख ठरवून टाकली आहे. येत्या रविवारी आईचं वजन उतरवायचं पहिलं इंजेक्शन, सेमाग्लुटाइडचं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, मान्य आहे. पण मग दिवाळीनंतर बघू, संक्रांतीनंतर बघू, असंच चाललं असतं, आणि गुडघा तोवर थांबणार नाही.

आई, साखरेचं औषध वजनाला कशाला, हा तुझा प्रश्न रास्त आहे. सेमाग्लुटाइड साखरेसाठीच आलं, अमेरिकेत २०१७ मध्ये. आतड्यातल्या एका संप्रेरकासारखं ते वागतं: साखर चढली की इन्सुलिन सुटायला मदत करतं, जठर सावकाश रिकामं होऊ देतं आणि मेंदूला 'पुरे' असं कळवतं. साखरेच्या पेशंटांचं वजनही उतरतंय हे दिसलं, म्हणून वेगळ्या चाचण्या झाल्या आणि २०२१ मध्ये तेच औषध जास्त मात्रेत वजनासाठी मंजूर झालं. नानाकाकांच्या त्या वजन उतरवायच्या पावडरीशी याचं नातं जोडू नकोस. तसल्या पावडरींत भूक मारणारं सिब्युट्रामीन मिसळलेलं सापडत आलंय, आणि हृदयाला धोका म्हणून २०११ पासून आपल्याकडे त्यावर बंदी आहे.

पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम. ही मात्रा फक्त पोटाला सवय लागावी म्हणून. काटा हलला नाही तरी हिरमुसू नकोस. मग ०.५. पुढचं डॉक्टर सांगतील तेव्हाच.

बाबा, टोचायचं काम तुमचं. नव्या पेनाच्या सुईच्या टोकावर थेंब दिसेपर्यंत आधी दाबून बघा. बेंबीपासून दोन इंच सोडून टोचा, दर रविवारी जागा बदला. पेनावरचा मात्रेचा आकडा शून्यावर आला की लगेच सुई ओढू नका, सावकाश सहापर्यंत मोजा. नाहीतर थेंब बाहेर ओघळतो आणि मात्रा अपुरी पडते. सुई दर वेळी नवी, आणि काम झालं की काढून टाकायची. लावून ठेवली तर औषध गळतं, हवा शिरते. पेन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, मागच्या भिंतीला टेकवू नका. एकदा गोठलं की वितळलं तरी फेकायचंच.

सगळ्यात जपायचं ते ग्लिमेपिराइडला, आईच्या साखरेच्या जुन्या गोळीला. डॉक्टरांनी रविवारपासून ती निम्मी केली आहे, जुन्या डब्यातली अख्खी गोळी हातात देऊ नका. जेवण कमी असो-नसो, ती इन्सुलिन काढायला लावतेच, आणि आईचं जेवण आता कमी होणार. घाम, थरथर, उगाच चिडचिड दिसली की बोट टोचून बघा. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. लाडू देऊ नका. तुपामुळे साखर उशिरा चढते.

आई, रविवारचे पोहे मी बंद करत नाहीये. सेव आणि जिरावण मसाला घालून खुशाल खा, अर्धी बशी. जिलेबी आणि सराफा बाजारातला तळलेला गराडू कंद तेवढा राहू दे. जठर सावकाश रिकामं होतं तेव्हा तळलेलं तासन् तास घशाशी येत राहतं. आणि चिऊचा घास, काऊचा घास म्हणून तू जो शेवटचा घास मला भरवायचीस, तो आता तू खायचा नाहीस. पोट भरलं की हात थांबव. पानात टाकायचं नसेल तर वाढूनच कमी घे, पण वरण, दही, पनीर आधी, पोळी नंतर. वजनाबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून उंच खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस, सकाळ-संध्याकाळ. गुडघा कुरकुरला तर खुर्चीवर उशी घे, पण सोडू नकोस.

डोळ्याचा पडदा शनिवारी दाखवायचाय. साखर झपाट्याने उतरली की तिथला जुना बिघाड वाढू शकतो. पोटातली कळ पाठीत गेली, किंवा उलट्यांनी पाणीही टिकेना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. मला फोन नंतर.

बरं वाटलं म्हणून दोन महिन्यांत बंद करू नका. औषध सुटलं की भूक परतते, आणि उतरलेलं बरंचसं वजनही. खर्चाचा विषय काढायचा नाही, तो माझा आहे.

बाबा, शनिवारीच फ्रिजचा मधला कप्पा मोकळा करा. कैरीचं लोणचं खाली सरकवलंत तर आई काही म्हणणार नाही, मी तिला सांगून ठेवते.

तुमची,
मनू