परिपत्रकाने पलटण बदलत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सैन्याची ‘मानसिकता’ बदलायची म्हटले की आधी घोषवाक्य येते, मग भित्तिपत्रके, मग सक्तीचे व्याख्यान. कॅनडाने २०१५मध्ये सैन्यातील लैंगिक गैरवर्तनाविरुद्ध ‘ऑपरेशन ऑनर’ सुरू केले. बराकीत त्या नावाचीच थट्टा झाली. २०२१मध्ये मोहीम गुंडाळली, तेव्हा ती सुरू करणारे माजी सेनाप्रमुखच आरोपांच्या चौकशीत अडकले होते.

जवान परिपत्रक वाचत नाही, बढती कोणाला मिळाली ते बघतो. म्हणून मूल्यांची यादी नको. डोळ्यांना दिसतील अशा तीन-चार गोष्टी ठरवाव्यात. उदाहरणार्थ, कनिष्ठाने धोका दाखवला तेव्हा वरिष्ठाने काम थांबवले का? हा प्रश्न वार्षिक गोपनीय अहवालात यायला हवा, आणि हवालदाराच्या अहवालात सर्वांत आधी. दहा जणांच्या तुकडीला रोज दिसतो तो हवालदार. जनरल वर्षातून एकदा दिसला तरी पुष्कळ.

२०१७च्या जून आणि ऑगस्टमध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘फिट्झजेराल्ड’ व ‘जॉन एस. मॅकेन’ या विनाशिकांची व्यापारी जहाजांशी टक्कर झाली; १७ खलाशी गेले. त्या जूनमध्ये जपानस्थित क्रूझर व विनाशिकांवरील पथकांची ३७ टक्के युद्धसज्जता प्रमाणपत्रे मुदत उलटलेली होती. झोप अपुरी, सराव अपुरा, तरी ‘होऊन जाईल’ म्हणायची सवय. अशा ठिकाणी ‘जमणार नाही’ म्हणणारा कप्तान कामचुकार ठरतो.

ही सवय मोडायला अमेरिकी लष्करात १९७०च्या दशकात रुजलेली आढाव्याची पद्धत कामाची आहे. सराव संपल्या संपल्या सगळ्यांनी नकाशाभोवती बसायचे. काय ठरले होते, काय घडले, का घडले, पुढे काय करायचे? पहिल्या दोन प्रश्नांना मिळून पाव वेळ, तिसऱ्याला पाव, उरलेला अर्धा शेवटच्याला. सर्वांत कनिष्ठाने आधी बोलावे, प्रमुखाने शेवटी; तो आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. घोटाळा होतो तो पुढे. इथे कबूल केलेली चूक गोपनीय अहवालात उतरली, की पुढच्या आढाव्यात सगळे ‘व्यवस्थित’च असते. हे दोन कागद एकमेकांना भेटता कामा नयेत.

बदल खरा असेल तर पहिल्या वर्षी तक्रारी वाढतात. त्या वेळी ‘शून्य तक्रारी’चे उद्दिष्ट दिले की त्रास थांबत नाही, फक्त नोंदवही कोरी राहते. निनावी पाहणीत त्रास झाला असे किती जण सांगतात आणि तक्रार किती जणांनी केली, ही तफावत मोजावी.

सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश २६ जुलै १९४८चा. अमेरिकी लष्करातील शेवटची कृष्णवर्णीय पलटण विसर्जित व्हायला १९५४ उजाडले, तेही कोरियन युद्धातील मनुष्यबळाच्या टंचाईने रेटा दिल्यावर. तुकडीप्रमुख मात्र दोन-तीन वर्षांत बदलतो आणि नवा आला की नवी मोहीम काढतो. कार्यभार देता-घेताना अर्धवट राहिलेल्या बदलांची यादी सहीनिशी सोपवावी, आणि प्रमुखाची व ज्येष्ठ सुभेदाराची बदली एकाच वर्षी करू नये.

— एक वाचक